मूक, मुका आणि मी लावलेली लिपस्टिक

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. मधले ‘अं’ आणि बाहेरच्या कुत्र्यांचं भुंकणं तेवढं काढलं.)

रात्रीचे साडेदहा वाजलेत. समुद्रपूरच्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात प्रिंटिंगचं मशीन बंद झालं की मगच रेकॉर्डिंग होतं, त्यामुळे मागे एखादा ट्रक ऐकू आला तर समजून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्या मैत्रिणीने सुचवलाय. राजकारणातल्या बायांची व्यंगचित्रं काढताना आपण त्यांच्या कामावर हसतो की त्या बाई आहेत यावर? मी तिला लगेच लिहिलं, ‘मस्त विषय, करू.’ आणि मग आठ दिवस टाळत बसलो. कारण असलं एक चित्र मी स्वतः केलंय. पैसे घेऊन.

झालं असं. ग्रामपंचायतीच्या निवडणुका होत्या. तालुक्यातल्या एका गावातून दोघं आले. मला म्हणाले, ‘सरपंच बाई पुन्हा उभी राह्यली, एक भन्नाट कार्टून करून दे, व्हाट्सअ‍ॅपवर टाकायचं हाय.’ मी केलं. बाई सरपंचाच्या खुर्चीत, समोर पोळपाट, हातात लाटणं, पोळी गावाच्या नकाशाच्या आकाराची. मागे नवरा उभा, त्याच्या बोटांतून दोऱ्या निघून बाईच्या हातांना बांधलेल्या. ते म्हणाले, ‘अजून मजा नाही आली.’ मग मी तिच्या ओठांना भडक लाल लिपस्टिक लावली. लिपस्टिक ती बाई लावत नाही, हे मला माहीत होतं. चित्र तासाभरात सगळ्या ग्रुपवर. मीही ‘😂’ टाकला. आपल्याच चित्राला.

पुढे काय झालं ते सांगतो. त्याआधी जरा मागे जाऊ, कारण हा प्रकार काही आमच्या दुकानात सुरू झाला नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी २०१६ पाहिलंय, काही तेव्हा शाळेत असतील. जुलैमध्ये कोपर्डीत एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. ९ ऑगस्टला औरंगाबादला (तेव्हा हेच नाव होतं) मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत निघत गेला. त्या मोर्चाची एक गोष्ट विसरू नका. सगळ्यात पुढे मुली असायच्या, त्यांच्या मागे बाया, मग पुरुष, आणि पुढारी शेवटी. घोषणा नाही, भाषणं नाहीत. कलेक्टरला निवेदन द्यायलाही मुलीच जायच्या. आरक्षणाच्या मागणीबद्दल, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबद्दलच्या मागणीबद्दल तुमचं मत काहीही असू दे. पण महाराष्ट्राच्या रस्त्यावर मुलींना पुढे ठेवून एवढं मोठं राजकारण क्वचितच झालं असेल.

२५ सप्टेंबर २०१६, रविवार. ‘सामना’च्या पुरवणीत श्रीनिवास प्रभुदेसाई यांचं एक व्यंगचित्र आलं. कोटी एवढीच, की ‘मूक मोर्चा’ नव्हे, ‘मुका मोर्चा’. मुका म्हणजे पप्पी. बस्स. लाखो लोक, शेतीचं अर्थकारण, नोकऱ्या, कोपर्डी, यांतलं काहीही चित्राच्या डोक्यात शिरलं नाही. मोर्चात मुली दिसल्या, आणि मुली दिसल्यावर जे पहिलं सुचलं ते काढलं.

मग जे व्हायचं ते झालं. कार्यालयावर दगडफेक झाली, जागोजागी निषेध झाला, प्रभुदेसाईंनी माफी मागितली आणि थोड्या दिवसांनी उद्धव ठाकरे यांनीही मागितली. दगडफेक मला मान्य नाही, हे आधीच सांगतो. कागदावरच्या रेघेला दगडाने उत्तर द्यायचं नसतं. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. चित्राचा निषेध करणारे आणि माफी मागणारे, दोघांच्याही तोंडी एकच शब्द होता, ‘माता-भगिनी’. म्हणजे चित्र काढणाऱ्याला त्या पोरी मुका घेण्याजोग्या दिसल्या आणि चिडणाऱ्यांना आया-बहिणी. हातात निवेदन घेऊन कलेक्टरकडे निघालेली नागरिक कोणालाच दिसली नाही.

आता कोणी म्हणेल, ‘भाऊ, व्यंगचित्र म्हटलं की अतिशयोक्ती आलीच. बाईंना वेगळी सूट कशाला?’ बरोबर आहे. सूट नकोच. आर. के. लक्ष्मण यांची इंदिरा गांधी आठवा. नाक लांबलचक, केसांत पांढरी बट. त्याच लक्ष्मण यांनी नेहरूंची टोपी काढून टक्कल दाखवलं, नरसिंह रावांचे ओठ पुढे काढले. नाक, टक्कल, ओठ. हिशेब सारखा. इंदिराबाईंच्या नाकात मला तरी काही आक्षेपार्ह दिसत नाही. ज्या बाईने १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, १९७५ मध्ये आणीबाणी लादली, तिच्या नाकाला धार दाखवायलाच हवी होती.

पण नाकापलीकडे जाऊन बघा. याच बाईंना राममनोहर लोहियांनी ‘गूंगी गुडिया’ म्हटलं, म्हणजे मुकी बाहुली. (बघा, इथेही ‘मुकी’!) आणि आणीबाणीत एम. एफ. हुसेन यांनी त्यांना दुर्गेच्या रूपात रंगवलं. त्याच काळात ‘मंत्रिमंडळातला एकच पुरुष म्हणजे इंदिरा गांधी’ हे वाक्य कौतुक म्हणून फिरायचं. बाहुली, देवी आणि पुरुष! सगळं होऊन झालं, पण पंतप्रधान म्हणून साधी एक हट्टी, हुशार, चुका करणारी बाई असू शकते, हे कोणाच्या पटकन ध्यानात येईना.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. इंग्लंडमध्ये १९८४ पासून ‘स्पिटिंग इमेज’ नावाचा बाहुल्यांचा विनोदी कार्यक्रम लागायचा. त्यात मार्गारेट थॅचर यांची बाहुली पुरुषी सूट-टाय घालायची, सिगार ओढायची, पुरुषांच्या मुतारीत उभी राहायची. बाई जबरदस्त आहे ना, मग ती पुरुषच असणार.

याची उलटी बाजू तर आपण रोज जगतो. पुरुष कमकुवत दाखवायचा असेल तर काय करतो आपण? बांगड्या. मोर्चा नेला की साहेबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर. फेब्रुवारी २०२० मध्ये देवेंद्र फडणवीस आपल्या पक्षाबद्दल बोलताना म्हणाले की आम्ही बांगड्या घातलेल्या नाहीत. त्यावर आदित्य ठाकरे यांनी ट्विट करून माफीची मागणी केली आणि बांगड्या तर सगळ्यात ताकदवान घालतात, बाया, असं सुनावलं. बरं वाटलं वाचून. पण बांगड्यांचा आहेर सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते करतात, हे तुम्हाला-मला माहीत आहे. माझ्या दुकानातसुद्धा ‘बांगड्या भरा’चे फ्लेक्स छापून गेलेत. सांगायचा मुद्दा, चित्रात एकही बाई नसली तरी ते चित्र बायांवर असू शकतं. पुरुषाला साडी नेसवली की अपमान होतो, कारण साडी नेसणं म्हणजे कमीपणा हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

एक बारीक गोष्ट सांगू? लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’. धोतर, चौकटीचा कोट, चष्मा. मला तो फार आवडतो. पण देशाचा सामान्य नागरिक काढायचा म्हटल्यावर पुरुष निघाला, आणि त्याची बायको त्याची बायको म्हणून आली. सत्तर वर्षं आपण सगळ्यांनी हेच चित्र ‘सामान्य माणूस’ म्हणून पाहिलं. लक्ष्मण यांना दोष देत नाही. पण आमच्या तालुक्यात पाण्याच्या टँकरपुढे उभी असते ती कॉमन मॅन नसते ना.

मग ओळखायचं कसं? मी आता एक खेळ खेळतो. चित्रातल्या बाईच्या जागी पुरुष बसवायचा आणि विनोद उरतो का बघायचं. माझंच चित्र घ्या. दोऱ्या? उरतात. मनमोहन सिंग यांची दोऱ्यांनी हलणारी बाहुली ढीगभर व्यंगचित्रांत आहे. आणि १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं तेव्हा बाळासाहेब ठाकरे स्वतःच सांगायचे की सरकारचा रिमोट कंट्रोल माझ्या हातात आहे. म्हणजे दोऱ्या हा सत्तेवरचा आरोप आहे, आणि आमच्याकडे तो खोटाही नाही. २०११ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायांना राखीव आहेत, आणि कितीतरी गावांत मीटिंगला ‘सरपंचपती’ येऊन बसतात. त्यावर चित्र निघायलाच पाहिजे. रोज निघालं तरी चालेल.

पण पोळपाट? पुरुष सरपंचाच्या हातात दिला तर काही अर्थच लागत नाही. लिपस्टिक? तीही पडली. म्हणजे माझ्या चित्रातला अर्धा भाग टीका होती आणि अर्धा भाग नुसती ‘बाई आहे हो!’ अशी आरोळी. लोक हसले ते या दुसऱ्या अर्ध्यावर.

इथे एक खड्डा आहे, तोही सांगतो. ‘हे स्त्रीविरोधी आहे’ हा आरोप सत्तेतल्या बाईलाही ढालीसारखा वापरता येतो. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांनी ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ सिनेमातल्या संवादांवर बेतलेलं. विषय काय, तर रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदींना पदावरून काढलं, तो. ममतादीदींच्या बाईपणाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. तरी प्राध्यापकांना अटक झाली, आणि लावलेल्या कलमांत ५०९ पण होतं, म्हणजे स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान! सोबत आयटी कायद्याचं ६६-अ. ते ६६-अ सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये रद्दच केलं, पण प्राध्यापकांची सुटका व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. एका फॉरवर्डसाठी जवळजवळ अकरा वर्षं. म्हणून असल्या चित्रांवर पोलीस केस करा असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हातात ठाणं, त्याच्या हातात विनोद, असं होऊन जातं.

आपल्या वर्धा जिल्ह्याला बाई नेत्या नवीन नाहीत. प्रभा राव इथल्याच. पुलगावच्या आमदार, प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष, १९९९ मध्ये वर्ध्याच्या खासदार, पुढे हिमाचल आणि राजस्थानच्या राज्यपाल. माझी आजी त्यांना ‘प्रभाताई’ म्हणायची, जसं काही शेजारी राहतात. तरीही महाराष्ट्राला आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळाली नाही. उद्या मिळाली तर पहिल्या दिवशी तिचं चित्र कसं निघेल? मी पैज लावायला तयार आहे, पोळपाट असेल. मे २०२२ मध्ये ओबीसी आरक्षणाच्या वादात चंद्रकांत पाटील सुप्रिया सुळेंना जाहीरपणे घरी जाऊन स्वयंपाक करा म्हणाले होते, नंतर दिलगिरीही व्यक्त केली. खासदारकीची तिसरी टर्म चालू असलेल्या बाईला! माझा पोळपाट काही आकाशातून पडला नव्हता.

तर आता ती सरपंच काकू.

निवडणूक झाली, ती निवडून आली. दोनेक महिन्यांनी आमच्या दुकानात आली, आधार कार्डाचं लॅमिनेशन करायला. एकटीच. मी मान खाली घालून मशीन गरम व्हायची वाट बघत होतो. ती भिंतीवरचे नमुने बघत म्हणाली,

‘ते कार्टून तूच काढलं होतं नं बाबू?’

मी म्हटलं, ‘हो काकू.’

‘दोऱ्याचं बरोबर होतं तुह्यं. सही माही, कागद त्यायच्याजवळ. पन लिपस्टिक काहून लावली बापा?’

मला उत्तर सुचलं नाही. मशीनमधून कार्ड बाहेर आलं. ती पुढे म्हणाली ते मी घरी जाऊन मोबाइलमध्ये टाइप करून ठेवलंय, विसरू नये म्हणून.

‘मी तं भेलो होतो, तुमी नालीचं काढसान म्हून. शाळेजवळची नाली पाच वर्सांत नाही झाली माह्यानं. पैसा आल्ता, खर्च दुसरीकडेच झाला. ते काढलं अस्तं तं मी काय सांगतो लोकायले? तुमी लिपस्टिक लावली, साऱ्या बाया भडकल्या, घरोघरून मत देऊन गेल्या मले.’

(वर्ध्याबाहेरच्या मित्रांसाठी: आमच्याकडे बाया ‘मी भेलो’, ‘मी सांगतो’ असंच बोलतात. छापताना मी ते दुरुस्त करणार नाही.)

लॅमिनेशनचे वीस रुपये मी घेत नव्हतो. तिने टेबलावर ठेवले आणि गेली.

त्यानंतर मी तिच्या गावाला जाऊन आलो. नाली अजून झालेली नाही. शाळेच्या फाटकासमोर पाणी साचलंय, पोरं विटांवरून उड्या मारत जातात. मी मोबाइलने फोटो काढलेत आणि या आठवड्यात नवीन चित्र करतोय. काकू आहे त्यात, पातळ आहे, कपाळावर कुंकू आहे, तिचं नाक जरा मोठंच काढलंय. हातात पोळपाट नाही. नालीच्या कामाचं बिल आहे, आणि त्या बिलाच्या होडीत नवरा बसलाय. झालं की आधी तिलाच पाठवणार आहे. ती शिव्या देईल, बहुतेक.

तुमच्या गावात, कॉलेजच्या निवडणुकीत, सोसायटीच्या ग्रुपवर असं एखादं चित्र फिरलं असेल तर पाठवा, नाव-नंबर खोडून. बाईच्या जागी पुरुष बसवून बघा आणि काय उरलं ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. दोन मिनिटांच्या आत बरं का, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. पुढच्या गुरुवारी भेटू.