ख्रिस्तनिष्ठा आणि देशनिष्ठा
अमेरिकेतील कित्येक परंपरानिष्ठ ख्रिस्ती आपले राष्ट्र मूलतः ख्रिस्ती मानतात; परंतु त्याच राष्ट्राच्या संविधानातील १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने राज्याचा अधिकृत धर्म स्थापण्यास कायदेमंडळाला मनाई केली आहे. धर्म आणि राष्ट्र यांची गुंतागुंत आमच्याकडेही होती: आमच्या मोताळ्याच्या आसमंतात, मलकापूर-बुलढाण्याकडे, न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्पसन यांच्या अलायन्स मिशनने प्रचार केला, तेव्हा मुलूख वऱ्हाडचा नि अंमल इंग्रजांचा होता. धर्म आणि राष्ट्र यांच्या संबंधाच्या प्रश्नाचे मला सर्वाधिक मोलाचे वाटणारे उत्तर मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे: १८९५ साली बाप्तिस्मा घेऊनही ज्यांची देशभक्ती तसूभर ढळली नाही आणि ज्यांनी ख्रिस्त अभंग-कीर्तनांतून गायिला, त्या टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. दोनच वर्षांनी, १९१९ साली, त्यांचे देहावसान झाले.