रात्रीच्या पाण्याला बॅटरी घेताय?

शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की दारं धरायला उसात शिरावंच लागतं. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्या फिरत होता, तेव्हापासून मी लांब झोताच्या बॅटऱ्यांचा नाद धरलाय.

दुकानदार लुमेन सांगतो. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जाणार हे कँडेलावर ठरतं. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर. ४०,००० कँडेला म्हणजे ४०० मीटर. पण त्या टोकाला उजेड जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा! उसाच्या कडेला काय हललं ते ओळखायचं तर निम्मंच अंतर धरा.

सेल बाहेर काढून बघाच. सेलचं माप १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. त्यावर ‘९९०० एमएएच’ छापलेलं दिसलं तर सरळ परत करा. या मापात साधारण ३६०० च्या वर मावत नाही. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, नकली हाताला हलका लागतो.

टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडावर, बॅटरी मिनिटा-दोन मिनिटांत तापते आणि उजेड आपोआप उतरतो. म्हणून दोन तास सलग किती उजेड टिकतो ते विचारा. बॅटरी पाटात पडणारच, तेव्हा पाण्यात बुडाली तरी चालणारी, आयपीएक्स-८ची घ्या. पायाखालचा साप दिसायला मात्र पसरट उजेडाची डोक्याची बॅटरी वेगळीच लागते.