ओल्या सिमेंटमधल्या वावड्या

लॉस एंजेलिसच्या मेट्रोने 'हॉलीवूड/हायलँड' स्थानकावर उतरून सरकत्या जिन्याने वर आलं, की स्वागताला स्पायडरमॅन उभा असतो. खांद्यावर हात टाकून फोटो काढू देतो आणि लगेच तोच हात पैशांसाठी पुढे करतो. त्याच्या शेजारी घामाने मेकअप ओघळलेली एक मेरिलीन मन्रो. "मामा, कुणाच्या डोळ्यांत बघू नकोस, सरळ चाल," भाचीने गाडीतच बजावून ठेवलं होतं. मी सरळ चाललो आणि शंभरेक पावलांत चिनी थिएटरच्या अंगणात पोचलो.

इतिहास झटपट उरकतो, कारण तो तिथल्या प्रत्येक गाइडला तोंडपाठ आहे. सिड ग्रॉमन नावाच्या हौशी थिएटरमालकाने हॉलीवूड बुलेव्हार्डवर आधी इजिप्शियन थाटाचं थिएटर काढलं आणि मग हे चिनी थाटाचं. लाल खांब, हिरवं उतरतं छप्पर, दर्शनी भिंतीवर दगडी ड्रॅगन आणि दाराशी चीनहून आणवलेले दगडी श्वान. १८ मे १९२७ रोजी सेसिल बी. डिमिल यांच्या 'द किंग ऑफ किंग्ज'ने पडदा उघडला. १९४४ ते १९४६ अशी तीन वर्षं ऑस्करचा सोहळा इथेच झाला. पण लोक इथे येतात ते सिनेमा बघायला नाही. ते माना खाली घालून अंगणातल्या फरशा वाचायला येतात.

सिमेंटच्या सुमारे दोनशे फरशा. कुठे हिरवट, कुठे तांबूस, कुठे नुसत्या राखाडी. प्रत्येकीत हाताचे, पायाचे ठसे, सही आणि जुन्या फरशांवर बहुधा सिडला उद्देशून लिहिलेला एखादा लाडिक मजकूर. हॅरॉल्ड लॉइडने आपला चष्मा उमटवलाय, बॉब होपने नाक, बेटी ग्रेबलने पाय, तर रॉय रॉजर्सच्या ट्रिगर घोड्याने नाल. बायकांच्या टाचांचे ठसे पेरूएवढे लहान. मेरी पिकफर्डच्या पावलात भाचीने पाय ठेवून पाहिला, तिची टाच बाहेर आली. "ही काय लहान मुलगी होती का?" म्हणाली. मेरीने पडद्यावर वर्षानुवर्षं लहान मुलीच रंगवल्या होत्या, हे सांगेपर्यंत ती पुढच्या फरशीवर गेली होती.

१९५३ च्या जूनमध्ये मेरिलीन मन्रो आणि जेन रसेल यांनी शेजारी शेजारी गुडघे टेकून हात उमटवले. आपल्या नावातल्या 'आय'च्या टिंबाच्या जागी हिरा हवा, असा मेरिलीनचा हट्ट होता म्हणतात. खोटा खडा बसवला. तोही कुणीतरी खणून नेला.

पण ही कल्पना सुचली कुणाला? इथून वावड्या सुरू होतात. पहिली, सर्वांत लाडकी गोष्ट अशी: थिएटरचं बांधकाम चालू असताना नटी नॉर्मा टालमॅज मोटारीतून उतरली आणि तिचा पाय ओल्या सिमेंटमध्ये पडला. ग्रॉमनच्या डोक्यात वीज चमकली. दुसऱ्या गोष्टीत सिमेंटमध्ये पाय पडतो तो खुद्द ग्रॉमनचा. तिसरी गोष्ट गवंड्याची.

दारावरच्या वयस्कर गृहस्थांना मी विचारलं, यातली खरी कुठली? ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही कुठल्या टूरबरोबर आलात त्यावर आहे."

माझं मन गवंड्यावर बसलं. त्याचं नाव जाँ क्लॉसनर, फ्रेंच घराण्यातला म्हणे. त्याच्या नावावर सांगितली जाणारी हकिकत अशी की, काम संपल्यावर ओल्या सिमेंटवर आपला पंजा उमटवण्याची रीत त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, थेट पॅरिसच्या नोत्र दामपासून. ग्रॉमनने त्याला पंजा उमटवताना पाहिलं आणि गवंड्याची सही नटनट्यांची झाली. पुढे कित्येक वर्षं समारंभ कुणाचाही असो, सिमेंट कालवायचं क्लॉसनरने. त्याचं मिश्रण गुपित होतं आणि 'मिस्टर फूटप्रिंट' ही त्याची ओळख.

ज्याने आपल्याकडे कोबा घालताना पाहिलाय त्याला त्या गुपिताची किंमत कळेल. माल पातळ असला की ठसा बुजतो, आळला की उमटत नाही. आमच्या सोसायटीतला गवंडी थापी बाजूला ठेवून अंगठ्याने दाबून बघायचा आणि तेवढ्यात गल्लीतलं कुत्रं पळत जायचं. कुत्र्याला मुहूर्त नेमका कळतो. नटीला तो साधून द्यावा लागतो: तिचा मेकअप, फोटोग्राफरांचे दिवे, वार्ताहरांचे प्रश्न, सगळं आटपेपर्यंत सिमेंटने थांबायला हवं.

आता वावडीची दुसरी बाजू. ३० एप्रिल १९२७ रोजी पहिले ठसे उमटवले मेरी पिकफर्ड आणि तिचा नवरा डग्लस फेअरबँक्स यांनी. दोघंही या थिएटरात ग्रॉमनचे भागीदार. पाठोपाठ १८ मे रोजी नॉर्माचे ठसे. तिचा नवरा जोसेफ शेंक म्हणजे मेरी आणि डग्लस यांच्याच युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीचा कर्ताधर्ता. तेव्हा तो 'अपघात' बरोबर घरच्याच माणसांवर ओढवला, एवढंच म्हणायचं.

हॉलीवूडचा धंदा असा दोन पायांवर उभा होता, एक पडदा आणि दुसरी कुजबुज. वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या वर्तमानपत्रांतून ल्युएला पार्सन्स ही कुजबुज लिहायची. १९३८ पासून तिच्यासमोर उभी राहिली हेडा हॉपर, नटी म्हणून मागे पडलेली, टोप्यांसाठी प्रसिद्ध. बेव्हर्ली हिल्समधल्या आपल्या बंगल्याला ती 'भीतीने बांधलेलं घर' म्हणायची. एका ताऱ्याची भानगड दडपायची, तर स्टुडिओ दुसऱ्याची बातमी या बायांच्या ओटीत घालत. अंगणातल्या पहिल्या फरशीचं जोडपं विभक्त होतंय, ही बातमी १९३३ मध्ये ल्युएलानेच फोडली. संसार मोडला, फरशी राहिली. आपल्यालाही ही चव परकी नाही. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाने १९३५ पासून मुंबईत भल्याभल्यांची झोप उडवली होती.

फरशी राहतेच असंही नाही. चार्ली चॅप्लिनने इथे ठसे दिले होते. त्याच्या राजकीय मतांवरून आणि खासगी आयुष्यावरून हेडा हॉपर हात धुऊन मागे लागली. १९५२ मध्ये तो परदेशात असताना त्याचा परतीचा परवाना रद्द झाला. त्याची फरशी उखडली गेली, ती कुठे गेली याच्याही वावड्याच आहेत. बाहेरच्या फुटपाथवर नटनट्यांच्या नावाने बसवतात तो ताराही त्याला १९७२ साली मिळाला, इतरांनंतर बारा वर्षांनी.

थिएटरचं नाव आता एका चिनी टीव्ही कंपनीच्या नावाने सुरू होतं. शेजारच्या मॉलमध्ये ग्रिफिथच्या 'इन्टॉलरन्स' या मूकपटाच्या सेटवरून बेतलेले प्रचंड हत्ती होते, तेही नूतनीकरणात काढले. मला मुंबईतलं धोबीतलावचं 'मेट्रो' थिएटर आठवलं, तेही खुद्द हॉलीवूडच्या एमजीएमने १९३८ साली बांधलं होतं. त्याचं मल्टिप्लेक्स झालं तेव्हा वडील चार दिवस चिडचिड करत होते. इथे चिडायला कुणी दिसलं नाही. एक सफाई कामगार गॅरी कूपरच्या बुटाच्या ठशातून च्युइंगगम खरवडून काढत होता.

निघताना एक तरुण जोडपं नॉर्मा टालमॅजच्या फरशीवर उभं होतं. "ही कोण?" मुलाने मलाच विचारलं. तीन गोष्टी, भागीदारी, गवंडी, सगळं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मी म्हणालो, "ही मोटारीतून उतरली आणि तिचा पाय इथेच ओल्या सिमेंटमध्ये पडला." मुलगी "अय्या!" अशा अर्थाचं काहीतरी ओरडली. "त्या दिवशी पाऊसही होता," मी जोडून दिलं.