मांडवीचा सनसेट, थेट डोळ्याच्या आत!

रत्नागिरीकरांनो, मांडवीचा सनसेट पाहायला तिकीट नाही. पण डोळ्यांचे डॉक्टर दुपारी बारा वाजताही सनसेट पाहतात, माहीत आहे का? तोही पेशंटच्या बाहुलीतून आत डोकावून!

नाव ‘सनसेट ग्लो फंडस’. आजार मात्र दुर्मीळ आणि नाव तोंडात न मावणारं: फोग्ट-कोयानागी-हाराडा. एक स्विस डॉक्टर, दोन जपानी. लाडाने व्हीकेएच!

डोळ्याच्या पडद्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर असतो. तो सुजतो, पडद्याखाली पाणी साचतं आणि बहुधा दोन्ही डोळ्यांना धूसर दिसू लागतं. पुढे काही महिन्यांत कोरॉइडचा रंग उडतो आणि आत नारिंगी-लाल संध्याकाळ!

आता कान टवकारा. धूसर दिसतंय म्हणून गेलात आणि डॉक्टरांनी विचारलं, ‘कान वाजतात का? डोकं दुखतं का?’ तर ते चुकलेले नाहीत. शरीराची स्वतःचीच फौज रंग बनवणाऱ्या पेशींवर तुटून पडते. या पेशी डोळ्यात, कानात, त्वचेत, मेंदूच्या आवरणातही असतात. म्हणून कधीकधी नंतर पापण्यांचे केसही पांढरे होतात. डाय लावून भागत नाही. स्टेरॉइड लागतात, तेही लवकर.

पुढचा प्रश्न: ‘डोळ्याला कधी मार लागला होता?’ कारण एका डोळ्याच्या जखमेनंतर दुसराही सुजू शकतो, आणि ते चित्र हुबेहूब व्हीकेएचसारखं! लिपीवाल्या लुई ब्रेलचं असंच झालं असावं, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

टीबीची तपासणी? आपल्याकडे मस्ट! कोकणात भातलावणीनंतर लेप्टोचाही संशय घेतात. तोही डोळ्यात सूज आणतो.

डॉक्टर खवय्येही दिसतात. पडद्याच्या एका इन्फेक्शनला म्हणे ‘पिझ्झा’, दुसऱ्या एका खुणेला ‘सॉल्ट अँड पेपर’. वडापाव अजून वेटिंगवर.

आणि डोळ्यातल्या रक्तवाहिन्या पाहायची पिवळी डाय टेस्ट? फ्लुरोसिन हाताच्या शिरेत टोचतात, दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यात हजर! नंतर लघवी झेंडूच्या रंगाची. घाबरू नका.

ही टेस्ट कुठली? इंडिया नव्हे, इंडियाना! नोव्हॉटनी आणि अल्व्हिस हे दोन मेडिकल स्टुडंट. डाय कोणाला टोचायचा? नाणं उडवलं, अल्व्हिस हरला. डोळ्यांच्या जर्नलने त्यांचा पेपर नाकारला. 1961 मध्ये छापला कोणी, माहीत आहे का? हृदयरोगाच्या जर्नलने!