साक्षीचे समन्स आणि कारखान्याची पाळी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे वाडवडील सांगत आले. पण पायरी आपण कुठे चढतो? चोर चढवतो! विहिरीवरची मोटार चोरीला गेली, फिर्याद दिली, की आज ना उद्या साक्षीचे समन्स येणारच. ते आम्हाला आले. आम्ही सभासद आहोत, तसेच वजनकाट्यावर नोकरीलाही आहोत. म्हणून हा अनुभव मांडतो.

समन्स आले ते ऐन गळीत हंगामात. काट्यावर गाड्यांची रांग, माणूस अपुरा आणि तारखेला आमची नेमकी दिवसपाळी. त्यात आरोपी शेजारच्याच गावचा. घरचे म्हणाले, "मोटार मिळाली ना? मग कशाला वैर घ्यायचं?" आमचेही मन दोन दिवस डळमळले. पण फिर्यादीच गेला नाही, तर उद्या दुसऱ्याच्या विहिरीवर कोण राखण करणार?

समन्स हा कोर्टाचा हुकूम आहे. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास दंड होतो, वॉरंटही निघू शकते. साक्षीला जाणाऱ्या प्रत्येक नोकरदाराला भरपगारी रजा मिळेल, असा सरसकट कायदा मात्र नाही. ते ज्याच्या त्याच्या नोकरीच्या नियमांवर आहे. आम्ही समन्सची नक्कल जोडून टाईम ऑफिसला आधीच अर्ज दिला आणि एका सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली.

पहिल्या तारखेला सकाळपासून चार वाजेपर्यंत बाकावर बसलो. आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले, म्हणून पुढची तारीख पडली. दिवस गेला, एस.टी.चे भाडे गेले. मग सरकारी वकिलांनी समजावले. साक्षीदार हजर असताना त्याची साक्ष न घेता तारीख द्यायची, तर खास कारण लेखी नोंदवावे लागते. वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, हे कारण धरता येत नाही. हा नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दुसऱ्या खेपेला त्यांनी आग्रह धरला आणि साक्ष झाली.

त्याआधी गावातल्या एका शहाण्याने कानात सांगितले होते, "चोरताना डोळ्यांनी बघितलं, असं ठोकून द्या." आम्ही ते केले नाही. उलटतपासात वकिलांनी विचारले, "चोरी करताना पाहिलंत?" आम्ही म्हणालो, "नाही साहेब." "अशा मोटारी शेकड्यांनी मिळतात, ही तुमचीच कशावरून?" आम्ही सांगितले, "एका पायाला मेस्त्रीने वेल्डिंगचा टाका मारलाय. तो फिर्यादीत लिहिलाय." वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले. निकाल अजून लागायचा आहे. पण खोटे बोललो असतो, तर खरा टाकाही खोटा ठरला असता!

यातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात :

१) मोटारीचा नंबर, खुणा आणि खरेदीची पावती घरी जपून ठेवा. फिर्यादीत खुणा लिहायला लावा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते.

२) सापडलेला मुद्देमाल वर्षानुवर्षे पोलीस ठाण्यात गंजत ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्रावर तो परत मागता येतो. आमच्या मोटारीने खटला चालू असतानाच उसाला पाणी दिले.

३) कोर्टातून हजेरीचा दाखला घ्या. तो रजेच्या अर्जाला जोडता येतो. तिकिटे जपा, साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते. मात्र तो मागावा लागतो.

४) कोणी धमकावले तर गप्प बसू नका. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो.

शेवटी एक विनंती. आपल्यातला कोणी साक्षीला निघाला, तर त्याची पाळी सांभाळा, त्याच्या उसाला पाणी द्या. जमल्यास कोर्टात त्याच्या शेजारी बाकावर बसा. एकट्याच्या अंगावर आले की माणूस माघार घेतो. सहकार केवळ उसापुरता नाही, मंडळी!