सहकाऱ्यांची थट्टा आणि विनयपिटक

विनयपिटक हा केवळ प्रव्रजितांसाठी असलेला नियमसंग्रह आहे, गृहस्थाला त्याचे काही प्रयोजन नाही, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. त्यामुळे सुत्तपिटकाचे वाचन विहारांतून होते, धम्मपदाचे पठण होते. परंतु विनयाचे ग्रंथ कपाटातच राहतात. हा समज काही अंशी खरा असला तरी त्यामुळे आपले नुकसान होते, असे आम्हांस वाटते. अनेक माणसे एका ठिकाणी, एका कार्यासाठी, रोज एकत्र येऊ लागली म्हणजे त्यांच्यामध्ये जे लहानमोठे प्रश्न निर्माण होतात, त्यांचा इतका बारकाईने विचार करणारा दुसरा प्राचीन ग्रंथ सहसा आढळत नाही. सहकाऱ्याची थट्टा कोठवर करावी, हा त्यांपैकीच एक प्रश्न होय. आज कचेरी, कारखाना, शाळा, रुग्णालय अशा प्रत्येक ठिकाणी तो उपस्थित होतो आणि बहुधा "अहो, गंमत केली" या तीन शब्दांत मिटविला जातो.

भिक्खूसंघाला कामाच्या जागेची उपमा देणे कोणास खटकेल. परंतु संघ म्हणजे ध्यानस्थ बसलेल्या माणसांचा समूह नव्हे. संघात नेमून दिलेली कामे होती. भोजनाच्या निमंत्रणांची वाटणी करणारा भत्तुद्देसक, निवासाची व्यवस्था पाहणारा सेनासनपञ्ञापक, कोठार सांभाळणारा भांडागारिक, बांधकामावर देखरेख करणारा नवकम्मिक अशी पदे विनयात आढळतात. पदावरील व्यक्ती पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चार दोषांपासून मुक्त असावी, अशी अट होती. ज्येष्ठता होती, नवागत होते, गट होते, तक्रारी होत्या. दब्ब मल्लपुत्त यांच्यासारख्या प्रामाणिक व्यवस्थापकावर भोजनाच्या वाटणीवरून रागावलेल्यांनी खोटा आळ घेतल्याची कथाही तेथे आहे. ज्यांनी सरकारी कचेरीत दहा वर्षे काढली आहेत, त्यांना हे वातावरण अपरिचित वाटू नये.

थट्टेसंबंधीच्या नियमांत दोन गट वारंवार भेटतात. एक छब्बग्गिय, म्हणजे सहा जणांची टोळी. अट्ठकथेत त्यांची नावे दिली आहेत : अस्सजि, पुनब्बसु, पंडुक, लोहितक, मेत्तिय आणि भुम्मजक. दुसरा सत्तरसवग्गिय, म्हणजे सतरा जणांचा गट. हे सतरा राजगृहातील लहान मुलगे. त्यांचा म्होरक्या उपालि (विनयधर उपालि थेर ते निराळे). लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणित शिकला तर छाती दुखेल, नाणी पारखण्यास शिकला तर डोळे दुखतील, म्हणून त्याच्या आईवडिलांना प्रव्रज्या हा सुखाचा मार्ग वाटला. मुलांनी प्रव्रज्या व उपसंपदा घेतली आणि पहाटे उठून ती पेजेसाठी रडू लागली. वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, हा नियम या प्रसंगातून आला. म्हणजे एका बाजूस मुरलेले सहा, दुसऱ्या बाजूस कोवळे सतरा. थट्टा कोण कोणाची करतो, हे यावरून ध्यानात येईल.

साठावे पाचित्तिय पाहा. सतरा जणांचे सामान अव्यवस्थित पडलेले असे. सहा जणांनी त्यांची पात्रे व चीवरे लपवून ठेवली. मुले परत मागू लागली; ते सहा हसत होते आणि ही मुले रडत होती. भगवंतांनी नियम केला की भिक्खूचे पात्र, चीवर, बसण्याचे आसन, सुईघर अथवा कमरबंद कोणी लपवू नये, दुसऱ्याकरवी लपवू नये, आणि हा निषेध केवळ हसण्याच्या इच्छेने केलेल्या कृत्यासही लागू राहील. वस्तूंची ही यादी सहज केलेली नाही. पात्र नसेल तर भिक्षाटन नाही, चीवर नसेल तर गावात प्रवेश नाही, सुई नसेल तर फाटलेले शिवता येत नाही. ज्या वस्तूवाचून त्या माणसाचे त्या दिवसाचे काम अडते, नेमक्या त्या वस्तू येथे मोजल्या आहेत. इतर वस्तू लपविल्यास दोष आहे, पण हलका. आज कोणी परिचारिकेची नोंदवही लपवितो, वाहकाची तिकिटांची पेटी आसनाखाली सरकवितो, लिपिकाच्या संगणकाचा परवलीचा शब्द बदलून ठेवतो. हसणारे पाच मिनिटांत विसरतात. पण बस सुटण्याची वेळ टळली, रुग्णाचे औषध चुकले, तर जाब मात्र थट्टा झालेल्यालाच द्यावा लागतो.

येथे आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. मुलांचे सामान अस्ताव्यस्त होते, ही त्यांची चूकच होती. तरीही तिच्या आधारे लपविणाऱ्यांची सुटका झाली नाही. पडलेली वस्तू जागेवर ठेवण्यासाठी कोणी उचलली, तर मात्र दोष नाही. कृत्य एकच, हेतू निराळा.

बावन्नाव्या पाचित्तियाची कथा गंभीर आहे. सहा जणांनी सतरांपैकी एकास गुदगुल्या करून हसविले. त्याचा श्वास कोंडला आणि तो मरण पावला. ठार मारण्याचा हेतू नसल्यामुळे हा पाराजिक दोष ठरला नाही, परंतु बोटांनी गुदगुल्या करणे हे त्या दिवसापासून पाचित्तिय झाले. सहकाऱ्याच्या शरीराशी खेळणे हाच दोष मानला गेला. ही कथा वाचून हसू आले तर वाचकाने आपल्या कारखान्यांकडे पाहावे. यंत्रे व कपडे साफ करण्यासाठी असलेली दाबाखालील हवेची नळी सहकाऱ्याच्या शरीराशी लावण्याची "गंमत" अनेक ठिकाणी होते. हवा आत शिरून आतडे फाटल्याची व कामगार दगावल्याची वृत्ते वर्तमानपत्रांत वेळोवेळी आली आहेत. त्यांतील बहुतेकांत नळी धरणारा शत्रू नसतो. तो शेजारी काम करणारा, एकत्र डबा खाणारा मित्र असतो.

पंचावन्नावा नियम भिक्खूला भय दाखविण्याविषयी आहे. त्यातील तपशील मोलाचा आहे : समोरचा भ्याला किंवा न भ्याला, भय दाखविण्याच्या इच्छेने कृती केली की दोष घडला. "त्याला कोठे काय वाटले? तोही हसला," ही आपल्याकडील नेहमीची सबब येथे चालत नाही. आमच्या मते ही दृष्टी फार खोल आहे. कारण ज्याची नोकरी नवी आहे, ज्याचा वरिष्ठ थट्टेत सामील आहे, तो हसतोच. त्या हसण्याला संमती समजणे ही मोठी फसवणूक होय.

याच मालिकेत सत्त्याहत्तरावे पाचित्तिय येते. वीस वर्षांखालील उपसंपदेचा नियम झाल्यावर सहा जणांना नवे साधन मिळाले. ते त्या मुलांना म्हणू लागले की तुमची उपसंपदा वीस वर्षांच्या आत झाली, तेव्हा तुम्ही खरे भिक्खू आहात की नाही, याचीच शंका आहे. मुले रडू लागली. दुसऱ्याच्या मनात जाणूनबुजून अशी शंका उत्पन्न करणे हा दोष ठरविण्यात आला. राखीव जागेवर नेमणूक झालेल्या तरुणास "जातपडताळणीचा कागद आला का? नाही तर घरी जावे लागेल हो," असे चहाच्या वेळी हसत हसत विचारले जाते, तेव्हा कृत्याचे स्वरूप अगदी हेच असते. विचारणाऱ्याला कागदाची माहिती नको असते. हा तरुण येथे हक्काने बसलेला नाही, एवढेच त्याला इतरांसमोर सुचवायचे असते.

आता मुख्य मुद्दा. दुसरे पाचित्तिय ओमसवाद, म्हणजे टोचून बोलणे, याविषयी आहे. सहा जण सदाचारी भिक्खूंना जात, नाव, गोत्र, काम, शिल्प, व्याधी, शरीराची ठेवण यांवरून हिणवीत. त्या प्रसंगी भगवंतांनी तक्षशिलेच्या नंदिविसाल बैलाची कथा सांगितली. त्याच्या ब्राह्मण धन्याने शंभर गाड्या ओढण्याची हजाराची पैज लावली आणि ऐन वेळी बैलाला लबाड म्हणून हाकारले. बैल जागचा हलला नाही. पुढे दोन हजारांची पैज लावून चांगल्या शब्दांनी हाकारताच त्याने शंभर गाड्या ओढल्या. अपमानित सहकाऱ्याकडून काम मिळत नाही, इतका व्यवहारी बोध त्यात आहे.

या नियमाच्या विवरणात चंडाल, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस या तत्कालीन हीन मानलेल्या जातींची नावे येतात. बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी यांची शिल्पे येतात. फार उंच, फार ठेंगणा, फार काळा, फार गोरा अशी शरीराची वर्णनेही आहेत. (सर्व व्याधी हीन, मात्र मधुमेह तेवढा उच्च, अशीही एक नोंद आहे! त्या काळीही तो सुखवस्तूंचा रोग समजत असावेत.) ग्रंथ या गोष्टींना स्वतः हीन म्हणत नाही, त्या त्या प्रदेशात लोक ज्यांना हीन लेखतात, त्या हीन, असा खुलासा तेथेच आहे. हीनता लोकांच्या नजरेत आहे, हे ग्रंथकारांनी ओळखले होते.

पुढे तर सूक्ष्मता अधिकच आहे. हीन मानलेल्यास हीन शब्दाने हिणविणे हा दोष आहेच. पण हिणविण्याच्या इच्छेने त्याला उच्च शब्दाने संबोधिले, "या क्षत्रिय, या ब्राह्मण" असे म्हटले, तरीही तोच दोष आहे. कचेरीत सफाई कामगाराला "काय साहेब" म्हणून हाक मारतात, आरक्षणातून आलेल्या अधिकाऱ्यास "सरकारचे जावई" म्हणतात, त्या उपरोधास येथे चोख उत्तर आहे. नाव न घेता "येथे काही लोक अमुक जातीचे आहेत" असे मोघम बोलणे हेही दोषास्पदच, फक्त त्याची श्रेणी दुक्कट. आणि हिणविण्याची इच्छा मुळीच नसून केवळ गंमत म्हणून, दवकम्यतेने, जातीचा उल्लेख केला, तर दुब्भासित, म्हणजे वाईट बोलणे, हा सर्वांत हलका दोष.

हलका असला तरी तो दोष आहे. गमतीला सूट आहे, माफी नाही. कोणी म्हणेल की अशा बोलण्यास इतकी सौम्य श्रेणी का? आम्हांस ही विभागणी न्याय्य वाटते, कारण अजाणतेपणी बोललेला आणि दंश करण्यासाठी बोललेला यांत फरक केलाच पाहिजे. परंतु ज्याला एकदा स्पष्ट सांगितले गेले की या शब्दाने मला दुःख होते, त्याने तो शब्द पुन्हा उच्चारल्यास त्याला दवकम्यतेचा आधार उरत नाही, असा अर्थ आम्ही करतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत होते, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागदपत्रे दुरून फेकीत, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्या शिपायांना ती थट्टा आहे असे सांगण्याची गरज नव्हती. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे अधिनियम आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम यांच्यानंतर उघड तिरस्कार करणे जोखमीचे झाले, आणि बराचसा तिरस्कार विनोदाचा वेष घेऊन वावरू लागला. १९८९ च्या कायद्यानुसार अपमान सार्वजनिक दृष्टीच्या टप्प्यात घडावा लागतो. चार भिंतींच्या आत, साक्षीस कोणीही त्रयस्थ नसताना उच्चारलेले शब्द त्या कलमात बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. विनयात अशी अट दिसत नाही. मात्र महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमाने शैक्षणिक संस्थांपुरती एक गोष्ट चांगली केली : छळाच्या व्याख्येतच चेष्टा-मस्करीचा समावेश केला. कचेरीत नव्याने रुजू झालेल्याला असे संरक्षण नाही.

थट्टेचा एक प्रकार खोटे सांगण्याचा असतो. "साहेबांनी बोलावले आहे" म्हणून नवख्याला धाडायचे आणि तो खजील होऊन परतला की टाळ्या पिटायच्या. मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात भगवंतांनी राहुलाला, हसण्यासाठीदेखील खोटे बोलणार नाही, असे शिकण्यास सांगितले आहे. सम्राट अशोकाने भाब्रू लेखात ज्या उपदेशांची शिफारस केली, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे.

याचा अर्थ हसणेच वर्ज्य आहे, असा नव्हे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात दात काढून खदखदा हसण्यास बालिशपणा म्हटले आहे, पण आनंद झाला असता स्मित करण्यास तेथेच मुभा आहे. भिक्खूंसाठीचे हे माप गृहस्थाला थोडे आखूड पडेल. स्वतःच्या फजितीवर हसणे, कामाचा शीण हलका करणे, यांत कोणाचे काही हिरावले जात नाही.

राहिला प्रश्न सांगायचे कोणी. अचिरवती नदीत सतरा जण खेळत असता राजा पसेनदि व राणी मल्लिका यांनी प्रासादातून पाहिले. राजाने उपहास केला; मल्लिका म्हणाली की एक तर याविषयी नियम झालेला नसेल, किंवा यांना तो ठाऊक नसेल. मग राजाने त्यांच्याच हाती भगवंतांसाठी गुळाची मोठी ढेप पाठविली. राजाने तुम्हांला कोठे पाहिले, असे भगवंतांनी विचारले, तेव्हा त्यांना स्वतःच्या तोंडानेच सांगावे लागले. पाहणाऱ्याने चहाडी केली नाही आणि गप्पही बसला नाही. कचेरीतील थट्टेच्या वेळी जे आठ-दहा जण मान खाली घालून कागद चाळतात, त्यांनी हा प्रसंग वाचावा.

पाचित्तिय दोषाचे परिमार्जन एका सहभिक्खूसमोर तो कबूल करून होते. त्यासाठी बहिष्कार नाही. सहकाऱ्याने समोर येऊन चूक मान्य केली, तर ती स्वीकारावी, आणि थट्टा दहा जणांसमोर झाली असेल तर कबुलीही त्याच दहा जणांसमोर मागावी. वरिष्ठच थट्टा करीत असेल तर तारीख, वेळ, शब्द आणि उपस्थितांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत व लेखी तक्रार करावी. स्त्रियांच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे आणि लैंगिक स्वरूपाचे शेरे तिच्या कक्षेत येतात. जातीवरून होणाऱ्या थट्टेसाठी सर्व आस्थापनांना अशी समिती बंधनकारक करणारा कायदा नाही. आपल्या कर्मचारी संघटनांनी बदल्या व बढत्यांच्या बरोबरीने ही मागणी आपल्या ठरावांत घ्यावी, असे आम्ही सुचवितो.