शाळेच्या विश्वस्तांनी काय सांभाळावे?

डॉ. पंजाबराव देशमुख यांनी 1932 मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, ती बहुजनांच्या लेकरांनी शिकावे म्हणून. अशा संस्थेचे विश्वस्त समाजाची ठेव सांभाळत असतात.

त्यांच्या कारभाराची चौकट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 घालून देतो. विश्वस्त बदलला, की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करायचा. तो रखडला, की खरी कार्यकारिणी कोणती यावर दोन गट भांडतात आणि शिक्षकभरती अडते. शाळेची जागा विकायची किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हिशेबांचे लेखापरीक्षणही दरवर्षी हवेच.

चांगल्या कारभाराची खूण इतिवृत्ताच्या वहीत दिसते: ठराव, सूचक, अनुमोदक, विरोध करणाऱ्याचे मतही. भरतीत नातलगाचा अर्ज असेल, तर त्या विश्वस्ताने तेवढ्या विषयापुरते सभेबाहेर बसावे. वर्गातले रोजचे निर्णय मुख्याध्यापकांवर सोपवावेत. धोरण, पैसा आणि मुलांची सुरक्षितता यांवर मात्र विश्वस्तांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. अमरावती असो की अकोला, पालकांचा विश्वास टिकतो तो यावरच.